न्हाणी बांधावी ती जमिनीपासून वर

शेतावरच्या किंवा रानालगतच्या एका खोलीच्या घराला, म्हणजे ज्याला अलीकडे केबिन म्हणण्याची पद्धत पडली आहे अशा वास्तूला, न्हाणीची जोड द्यायची ठरली की बहुतेकांचे लक्ष प्रथम वरच्या टोकाकडे जाते. टाकी केवढी घ्यावी, ती किती उंचावर बसवावी, पाणी तापवायचे कशावर, शॉवर कोणत्या कंपनीचा आणावा, या प्रश्नांचा खल आधी होतो. अंगावरून वाहून गेलेले पाणी पुढे कोठे जाणार हा प्रश्न मात्र फरशी बसवून झाल्यावर, दाराशी साचलेल्या चिखलातून उभा राहतो. छत्तीसगडमधील भिलाई आणि तिच्या भोवतीचा दुर्ग जिल्हा यांचे हवामान व माती पाहिली तर हा क्रम उलटा करणे भाग आहे, कारण या भागात पाणी तापवण्याची गरज वर्षातून जेमतेम अडीच-तीन महिने पडते, पाणी थंड राखण्याची गरज जवळपास तितकेच महिने पडते, आणि सांडपाणी जिरवण्याची गरज बाराही महिने, त्यातही पावसाळ्यात सर्वाधिक, असते.

येथे ज्या न्हाणीचा विचार करायचा आहे तिला ऑफ-ग्रिड म्हणतात, म्हणजे वीज मंडळाची तार, नगरपालिकेचा नळ आणि भूमिगत गटार या तिन्हींपैकी कशावरही तिचा भार नसतो. भिलाईच्या सेक्टरांमध्ये राहणाऱ्या माणसाला ही तिन्ही सूत्रे गृहीत धरण्याची सवय लागलेली असते, आणि ती साहजिकही आहे. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेल्या करारातून येथील पोलाद कारखाना उभा राहिला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि कारखान्याबरोबरच आखून वसवलेल्या नगरीला बालोदजवळच्या, १९२१मध्ये पूर्ण झालेल्या तांदुला जलाशयाचे पाणी कालव्याने मरोदा तलावापर्यंत येऊन मिळू लागले. त्याच भिलाईतून पाटण किंवा धमध्याच्या बाजूला बाहेर पडले की नळ आणि गटार ही दोन्ही सूत्रे गळून पडतात आणि वीज असलीच तर ती शेतीपंपाच्या वेळापत्रकाने येते.

अशा गावांत आंघोळीची मूळ सोय म्हणजे तलाव. आंघोळ, धुणे आणि गुरांचे पाणी यांसाठी राखलेल्या तलावाला छत्तीसगडात निस्तारी तलाव म्हणतात आणि त्याच्या पायऱ्यांना पचरी. तलावावरच्या आंघोळीत उंची, दाब, निचरा यांपैकी कशाचीच चिंता नसते. उणीव असते ती आडोशाची, आणि ती मुख्यतः बायकांना भोगावी लागते. मराठी घरांची रीत वेगळी होती. नागपूरकर भोसले घराण्यातील बिंबाजी १७५८पासून रतनपूरला राहून छत्तीसगडचा कारभार पाहू लागले, तेव्हापासून या मुलखात मराठी कुटुंबे येत गेली. त्यांच्या परंपरेतील न्हाणी म्हणजे परसदारी आडोसा, त्यात दगडाची फरशी, कोपऱ्यात मोरीचे भोक आणि भिंतीपलीकडे त्या पाण्यावर वाढणारे अळू किंवा केळ. या रचनेत पाण्याच्या जाण्याची व्यवस्था आधी आणि येण्याची नंतर आहे, आणि आजच्या केबिनच्या न्हाणीलाही हाच क्रम हिताचा ठरतो.

पाणी कोठे जाणार हे माती ठरवते. छत्तीसगडच्या शेतकऱ्याने मातीचे चार मुख्य प्रकार मानले आहेत: भाठा म्हणजे मुरमाड, तांबूस, उंचवट्यावरची हलकी जमीन, मटासी म्हणजे पिवळसर, रेतीमिश्रित, कन्हार म्हणजे सखल भागातील काळी, चिकण, आणि डोरसा म्हणजे मटासी व कन्हार यांच्या मधली. भाठ्यात पाणी सहज उतरते. कन्हार मात्र उन्हाळ्यात हातभर खोल भेगा टाकते आणि पहिल्या पावसातच फुगून त्या मिटवते, त्यामुळे मे महिन्यात खणलेला शोषखड्डा घटकाभरात बादली गिळताना पाहून समाधान मानणाऱ्याला जुलैमध्ये तोच खड्डा काठोकाठ भरलेला दिसतो. साबणाने हा दोष आणखी वाढतो, कारण साबण आणि धुण्याच्या पावडरीतील सोडियम चिकण मातीचे कण एकमेकांपासून सुटे करते, ते सुटे कण सूक्ष्म छिद्रे बुजवतात आणि मातीची पाणी शोषण्याची शक्ती आणखी घटते.

म्हणून बांधकामाला हात घालण्यापूर्वी एक साधी चाचणी करावी, आणि ती शक्यतो पावसाळ्यात किंवा त्याच्या लगेच नंतर करावी. नियोजित खड्ड्याच्या जागी फूटभर रुंद आणि खड्ड्याच्या अपेक्षित तळापर्यंत खोल असे भोक घ्यावे, ते पाण्याने भरून रात्रभर तसेच ठेवावे म्हणजे माती पुरेशी भिजते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वीतभर पाणी ओतून त्याची पातळी २५ मिलीमीटर, म्हणजे इंचभर, खाली जायला किती वेळ लागतो तो घड्याळावर मोजावा. हा वेळ अर्ध्या तासाच्या आत असेल तर शोषखड्डा चालतो. अर्धा तास ते एक तास असेल तर उभ्या खड्ड्याऐवजी उथळ, लांब चर घेणे बरे. आणि तासाहून अधिक असेल तर पाणी जमिनीत जिरवण्याचा आग्रह सोडून ते झाडांकरवी हवेत उडवून द्यावे लागते. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून १८ मीटरांहून जवळ नसावा, आणि जमिनीचा उतार विहिरीकडे असेल तर याहूनही लांब न्यावा.

ज्या जमिनीत पाणी उतरते तेथे महाराष्ट्रात सिद्ध झालेला नमुना उचलण्याजोगा आहे. नांदेड जिल्ह्याच्या हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघरी शोषखड्डे घेतले, उघडी गटारे बंद झाली, त्यांच्याबरोबर डासांचा उपद्रवही ओसरला, आणि पुढे जिल्हाभर पसरलेली ही रचना जादुई शोषखड्डा किंवा नांदेड पॅटर्न या नावाने ओळखली जाऊ लागली. सुमारे चार फूट लांब, रुंद आणि खोल असा खड्डा घेऊन त्याच्या मध्यभागी, वरच्या भागात भोके पाडलेली सिमेंटची लहान टाकी बसवतात आणि टाकीच्या भोवती दगड भरतात. न्हाणीचे पाणी आधी टाकीत पडते, त्यातील केस, माती आणि साबणाचा साका तळाशी बसतो, आणि वरचे निवळ पाणी भोकांतून दगडांमध्ये व तेथून मातीत जाते. जादू काही असेल तर ती या मधल्या टाकीत आहे. नुसत्या दगडांनी भरलेल्या खड्ड्याची छिद्रे दोन-तीन वर्षांत साक्याने बुजतात आणि मग सगळे दगड उपसून धुण्यावाचून गत्यंतर नसते, उलट टाकी असलेल्या खड्ड्यात वर्षातून एकदा झाकण काढून गाळ उपसला की काम भागते. केबिनमध्ये दोन-तीन माणसे दिवसाला साठ-सत्तर लिटरांहून अधिक पाणी सांडत नाहीत, आणि एक घनमीटर गिट्टीच्या फटींमध्ये सुमारे ४०० लिटर पाणी मावते, तेव्हा मीटरभर मापाचा खड्डाही अशा घराला प्रशस्त होतो.

कन्हार जमिनीवर हा उपाय चालत नाही हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे, कारण सरकारी योजनेतील नकाशा कोणत्याही मातीवर तसाच छापला जाण्याची सवय आपल्याकडे आहे. तेथे जमिनीच्या वर फूट-दीड फूट उंचीचा वाफा रचावा, त्याच्या तळाशी गिट्टी, तिच्यावर जाड रेती आणि वर भाठ्याची माती घालावी, आणि त्यात केळ, कर्दळ, अळू यांसारखी भरपूर पाणी पिणारी व रुंद पानांची झाडे लावावीत, म्हणजे पाणी पानांवाटे हवेत जाते. वाफ्यात पाणी आपसूक उतरायचे तर न्हाणीचे जोते त्याहून उंच लागते. कन्हारवरची न्हाणी दोन-अडीच फूट जोत्यावर घ्यावी लागते ती याच कारणाने. साबणाचे पाणी कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांना देऊ नये.

खड्डा किंवा वाफा ठरला की त्याच्यापासून मागे मोजत फरशीची पातळी काढता येते. न्हाणीचा आतला चौक चार फूट बाय चार फूट असला तरी आंघोळ होते, पण कोरडे कपडे ठेवायला आणि अंग पुसायला जागा हवी असेल तर एक बाजू पाच फुटांची घ्यावी. ढाळ, म्हणजे फरशीचा उतार, पन्नासात एक असा ठेवावा. चार फुटांच्या चौकात तो इंचभर भरतो. याहून कमी ढाळ दिला तर कोपऱ्यात पाणी थांबते, आणि फार दिला तर ओल्या पायाखाली फरशी निसटती वाटते. गवंड्याच्या डोळ्यावर विश्वास न ठेवता पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीची पातळी लावून ढाळ तपासावा, आणि कोबा, म्हणजे सिमेंटचा घोटलेला थर, पुरता वाळण्यापूर्वी त्यावर तांब्याभर पाणी ओतून ते मोरीकडेच धावते की नाही हे पाहावे. या टप्प्यावर चूक दिसली तर ती थापीने सुधारते, नंतर छिन्नी लागते.

भिलाईत या कोब्यासाठी एक स्थानिक सोय आहे. झोतभट्टीत लोह वितळताना वर तरंगणारी मळी, जिला स्लॅग म्हणतात, पाण्याच्या फवाऱ्याखाली झटकन थंड केली की तिचे रवे होतात, आणि ते रवे सिमेंटच्या क्लिंकरबरोबर दळून स्लॅग सिमेंट तयार होते. या सिमेंटचे काँक्रीट घट्ट विणीचे असते, पाणी कमी झिरपू देते आणि क्षारांना चांगले तोंड देते, म्हणून ओल्या जागेला ते सामान्य सिमेंटपेक्षा उजवे ठरते. मात्र ते सावकाश कठीण होते, त्यामुळे त्यावर निदान दोन आठवडे पाणी मारत राहावे लागते. कोब्याला शेवटचा हात देताना तो आरशासारखा घोटण्याचा मोह टाळून ओला असतानाच केरसुणीचा हलका फराटा मारावा, म्हणजे पाय घसरत नाही.

मोरीच्या तोंडाशी नहाणी ट्रॅप बसवावा. हा वाटीच्या आकाराचा पाणबंध असतो. त्याच्या तळाशी नेहमी दोन इंच पाणी उभे राहते आणि त्या पाण्याच्या अडसरामुळे खड्ड्यातील वास, झुरळे आणि शेतातील न्हाणीत त्याहून अधिक गंभीर असलेले विंचू आत येऊ शकत नाहीत. ट्रॅपपासून खड्ड्यापर्यंतची नळी तीन इंची घ्यावी आणि तिला शक्यतो वळण देऊ नये.

भिंतींविषयी फार सांगण्यासारखे नाही. फ्लाय अॅशच्या विटा, बांबूच्या तट्ट्या, पत्रा यांपैकी जे हाताशी असेल ते चालते, कारण या भिंतींवर भार नसतो. फक्त खालचा दीड फूट भाग पक्का असावा, बांबू किंवा लाकूड जमिनीला टेकू नये, आणि छताखाली वीतभर फट मोकळी ठेवावी म्हणजे वाफ बाहेर पडते व शेवाळ धरत नाही.

आता वरच्या टोकाचा विचार करता येईल. पाण्याचा स्तंभ जितका उंच तितका खाली दाब अधिक, आणि हे प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे: दर मीटर उंचीला साधारण ०.१ बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा दहावा हिस्सा. शॉवरचे तोंड जमिनीपासून दोन मीटरांवर आणि टाकीचा तळ सव्वातीन मीटरांवर धरला, तर टाकीतले पाणी तळाशी पोचलेले असताना शॉवरवर जेमतेम ०.१२ बार दाब पडतो. शहरातील चकचकीत शॉवर याच्या कित्येक पट दाबासाठी बनवलेले असतात, म्हणून ते अशा ठिकाणी नुसते ठिबकतात, आणि मालक टाकी आणखी उंच नेण्याच्या खर्चात पडतो. वास्तविक बदलायची असते ती चाळणी. बागेत पाणी घालण्याच्या झारीचे तोंड वीतभर उंचीच्या पाण्यावरही मोकळी धार देते, कारण त्याची भोके संख्येने पुष्कळ असून आत कोठे अरुंद वळण नसते. स्टीलच्या सपाट टोपणाला एक मिलीमीटर व्यासाची चाळीस भोके पाडली, तर वर सांगितलेल्या दाबाला त्यातून मिनिटाला पाच-साडेपाच लिटर पाणी येते आणि टाकी भरलेली असताना सात लिटरांच्या आसपास. चार मिनिटांची आंघोळ त्यामुळे वीस-पंचवीस लिटरांत, म्हणजे मोठ्या बादलीभर पाण्यात होते. भोकांना क्षार धरले की टोपण रात्रभर लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावे.

ही थोडी उंची वाया जाऊ नये म्हणून टाकीपासून शॉवरपर्यंत पाऊण इंची नळी घ्यावी, कोपरे कमीत कमी ठेवावेत आणि आट्यांच्या जुन्या नळाऐवजी चतकोर फिरवताच पूर्ण उघडणारा बॉल व्हॉल्व्ह लावावा. टाकी म्हणून २०० लिटरचा प्लास्टिकचा ड्रम पुरतो, परंतु भिलाईतील सुपेला किंवा पॉवर हाउस या भागांतल्या बाजारातून जुना ड्रम घेताना त्यात पूर्वी काय होते याची खात्री करून घेणे अत्यावश्यक आहे. रसायनाचा ड्रम कितीही धुतला तरी आंघोळीच्या पाण्याला वापरू नये. पाणी घेण्याची नळी तळापासून दोन इंच वर काढावी आणि तळाशी गाळ सोडण्याची वेगळी तोटी द्यावी. भरलेल्या ड्रमचे वजन दोनशे किलोंहून अधिक होते, तेव्हा लोखंडी अँगलच्या घडवंचीचे चारही पाय काँक्रीटमध्ये गाडावेत. पोलादाच्या या शहरात वेल्डर शोधावा लागत नाही, त्याला तिरप्या पट्ट्या घालायला मात्र बजावून सांगावे लागते. रिकामा ड्रम बांधून ठेवावा, कारण एप्रिल-मेमधल्या वळवाच्या वादळात तो शेजारच्या शेतात जाऊन पडतो.

पाणी वर चढवायला किती शक्ती लागते आणि ते तापवायला किती, याची तुलना केली की सौर पॅनेलचा उपयोग कोठे करावा आणि कोठे करू नये हे उमगते. चाळीस लिटर पाणी पाच मीटर वर चढवण्यासाठी अर्धा किलोकॅलरीहूनही कमी ऊर्जा पुरते. किलोकॅलरी म्हणजे एक लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवणारी उष्णता. तेच चाळीस लिटर पाणी १८ अंशांवरून ३८ अंशांपर्यंत तापवायचे तर ८०० किलोकॅलरी लागतात, म्हणजे जवळपास सतराशे पट, आणि विजेच्या भाषेत साधारण एक युनिट. जमिनीवरच्या हौदातून पाणी ड्रममध्ये चढवण्यासाठी पन्नास वॅटचे पॅनेल आणि बारा व्होल्टचा लहान पंप बॅटरीशिवायही दुपारच्या उन्हात आरामात चालतो. छत्तीसगडात १ नोव्हेंबर २०१६ रोजी सुरू झालेल्या सौर सुजला योजनेतून मिळालेला तीन किंवा पाच अश्वशक्तीचा पंप शेतावर असेल तर वेगळा पंप घेण्याचेही कारण नाही. परंतु त्याच पॅनेलच्या विजेवर पाणी तापवणे हा उधळपट्टीचा मार्ग आहे, कारण साधे पॅनेल अंगावर पडलेल्या उन्हाच्या पाचव्या हिश्श्याचीच वीज करते, तर काळ्या रंगाचा पत्रा तेच ऊन उष्णतेच्या रूपात थेट शोषून घेतो.

मुळात तापवण्याची गरज किती आहे, हेही तपासले पाहिजे. जमिनीत खोलवरच्या पाण्याचे तापमान त्या जागेच्या वार्षिक सरासरी तापमानाइतके असते आणि ऋतूप्रमाणे ते फारसे हलत नाही. भिलाईच्या आसपास ते सव्वीस-सत्तावीस अंश धरता येते. जानेवारीत पहाटेचा पारा दहा-बारा अंशांवर उतरलेला असताना बोअरमधून नुकत्याच उपसलेल्या पाण्याचा कोमट स्पर्श ग्रामीण भागात सर्वांच्या परिचयाचा आहे, आणि तेच पाणी रात्रभर उघड्यावरच्या ड्रममध्ये राहिले की हुडहुडी भरवते. हिवाळ्यात ड्रम संध्याकाळी न भरता आंघोळीच्या आधी भरावा, ही बिनखर्चाची युक्ती अर्धे काम करून टाकते.

उरलेल्या अर्ध्या कामासाठी उन्हाची पेटी आहे. अमेरिकेतील बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प यांनी १८९१मध्ये ‘क्लायमॅक्स’ या नावाने जिचे पेटंट घेतले, ती रचना म्हणजे काचेच्या झाकणाच्या पेटीत ठेवलेल्या काळ्या टाक्या, आणि आज मराठीत सौरबंब म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यंत्राची ती पूर्वज आहे. काच सूर्यप्रकाश आत येऊ देते आणि तापलेल्या टाकीतून निघणारी उष्णता अडवते. टाकीत दिवसभर साठलेली उष्णता रात्री निघून जाते हा केम्प यांच्या पेटीचा दोष होता. १९०९मध्ये विल्यम बेली यांनी ऊन झेलणारा पाट आणि पाणी साठवणारी टाकी वेगळी करून तो दूर केला. केबिनसाठी केम्प यांची पेटीच पुरे, कारण संध्याकाळी आंघोळ करणाऱ्याला रात्रीच्या हानीशी कर्तव्य नसते. साठ-सत्तर लिटरची पत्र्याची टाकी मंद काळ्या रंगाने रंगवून पेटीत ठेवावी. पेटीची काच दक्षिणेकडे तोंड करून आडव्याशी ३५ ते ४५ अंशांचा कोन करील अशी बसवावी, कारण भिलाईच्या सव्वाएकवीस अक्षांशावर डिसेंबरातला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशच वर येतो. पेटीच्या दुहेरी भिंतींत धानाचे तूस दाबून भरावे. भाताच्या या मुलखात ते मुबलक मिळते, सहजी कुजत नाही आणि ऊब धरून ठेवते.

ढगाळ दिवसांसाठी बंब आहेच. तांब्याच्या या उभ्या भांड्याच्या मधोमध धुराडे असते, खाली जाळी आणि राखेचे पात्र, आणि बाजूला नरसाळे, ज्यात ओतलेले थंड पाणी तळाशी जाते. अनेक बंबांत तोटी वरच्या अंगाला असल्यामुळे नरसाळ्यात थंड पाणी घातल्याखेरीज गरम पाणी बाहेर येतच नाही, आणि बंब कधी कोरडा पडून जळत नाही; तापलेले पाणी हलके होऊन वर राहते या एका गोष्टीचा इतका नेटका उपयोग फार थोड्या घरगुती वस्तूंनी केला असेल. दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळाव्यात. बंब न्हाणीच्या बाहेर, उघड्यावर पेटवावा, कारण बंद जागेतील जाळातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन वायू माणसाला शुद्ध हरपेपर्यंत जाणवत नाही. आणि झाकण पक्के बसवलेला ड्रम किंवा सिलिंडर चुलीवर ठेवून त्याचा घरगुती बंब करण्याचा प्रयोग कोणीही करू नये, कारण वाफेला वाट मिळाली नाही की त्याचा स्फोट होतो.

उन्हाळ्यात प्रश्न उलटा होतो. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की उन्हातल्या काळ्या टाकीचे पाणी दुपारी अंगावर घेववत नाही. म्हणून मार्चमध्ये सौर पेटीवर लाकडी झाकण घालावे, ड्रमवर गवताचे छप्पर करावे आणि त्याला गोणपाट गुंडाळून ते ओले ठेवावे. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते, म्हणजे शंभर लिटर पाणी पावणेसहा अंशांनी थंड करण्याइतकी. प्लास्टिकच्या जाड भिंतीतून हा लाभ पुरता पोचत नाही, तरी कोरड्या हवेच्या त्या दिवसांत फरक हाताला कळतो. जूनच्या मध्यानंतर हवा दमट झाली की ओल्या गोणपाटाचा उपयोग संपतो आणि ते काढून टाकावे.

शेवटचा भाग आरोग्याचा. २०१८च्या पावसाळ्यात भिलाईत डेंग्यूची मोठी साथ येऊन बळी गेले. हा रोग पसरवणारा एडिस डास मुख्यतः स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, तेव्हा ड्रमचे झाकण घट्ट असावे आणि हवेच्या व ओसंडीच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी. कोमट पाण्यात, विशेषतः २५ ते ४५ अंशांच्या दरम्यान, लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि फवाऱ्याच्या तुषारांबरोबर ते फुप्फुसात जाऊ शकतात. त्यामुळे आठवडाभराहून अधिक बंद राहिलेल्या न्हाणीचा शॉवर उघडून, स्वतः बाहेर उभे राहून, जुने पाणी आधी वाहून जाऊ द्यावे. केबिन बंद करून निघताना ड्रम आणि सौर पेटीची टाकी दोन्ही रिकाम्या कराव्यात. नहाणी ट्रॅप मात्र भरलेलाच ठेवावा आणि त्यात दोन चमचे खाद्यतेल सोडावे: तेलाच्या तवंगामुळे उन्हाळ्यातही पाणबंध लवकर आटत नाही, आणि त्याखाली डासाच्या अळीला श्वासही घेता येत नाही.